पिशवीत काय ठेवायचं?

सीना नदी अहिल्यानगरजवळ उगम पावते, शहराच्या कडेने वाहत पुढे जाते आणि सोलापूर जिल्ह्यात भीमेला मिळते. सप्टेंबर २०२५ मध्ये तिला आलेल्या पुराने करमाळा, माढा, मोहोळ, परंडा या भागांतल्या गावांची दैना केली. उभं पीक गेलंच, पण कित्येक शेतांतली काळी मातीही खरडून गेली. जनावरं गेली, घरातला दाणा भिजून कुजला, मुलांची दप्तरं वाहून गेली.

अशा वेळी मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमधून मदत निघते. मदत निघाली की एक प्रश्न हमखास निघतो. धान्याच्या पिशवीत शुभवर्तमानाची छोटी पुस्तिका ठेवायची की नाही? प्रश्न छोटा दिसतो, पण त्याच्या पोटात मोठा प्रश्न आहे. संकटात सापडलेल्या माणसाला देवाची दया दाखवायची म्हणजे नेमकं काय करायचं? यावर मंडळीत दोन प्रामाणिक मतं आहेत. ती इथे मामा आणि भाचीच्या तोंडी घातली आहेत. मामा निवृत्त पाळक आहेत. तरुणपणी किल्लारीच्या भूकंपानंतर त्यांनी त्या भागात काम केलं. भाची परिचारिका आहे आणि पूरग्रस्त गावांतल्या आरोग्य शिबिरांत जाते. दोघंही काल्पनिक आहेत. त्यांचा वाद मात्र आपल्या घराघरांत चालतो.

मामा: पुस्तिका ठेवली तर बिघडलं काय, ते मला सांग. आपण कुणाला वाचायची सक्ती करत नाही. पीठ देतो, डाळ देतो, तेल देतो, ब्लँकेट देतो. हे सगळं ज्याच्यामुळे द्यावंसं वाटलं, त्याचं नाव तेवढं लपवायचं?

भाची: लपवायचं नाही, मामा. पण पिठाच्या पिशवीतही ठेवायचं नाही. रांगेत उभ्या असलेल्या बाईला ती पुस्तिका परत देता येत नाही. तिला वाटतं, परत दिली तर पुढच्या वेळी यादीतून आपलं नाव जाईल. आपण सक्ती करत नाही हे आपल्याला माहीत आहे, तिला कुठे माहीत असतं? तिने आयुष्यभर हेच पाहिलंय की देणारा काहीतरी मागतोच. कुणी मत मागतो, कुणी हात जोडून फोटो मागतो.

मामा: तू त्या बाईला फार दुबळी समजतेस. गावाकडची बाई कागद चुलीत घालायला घाबरत नाही. आणि मला सांग, माणसाला फक्त पोट असतं का? घर पडलेल्या, लेकरू गेलेल्या माणसाला आशा नको असते? किल्लारीला मी जे पाहिलं त्यानंतर माझं मत पक्कं झालं. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट. आदल्या दिवशी गणपतींचं विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली आणि दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं पूर्ण जमीनदोस्त झाली, हजारो माणसं गेली. त्यानंतर तिथे काय कमी पडलं असेल तर ते कपडे नव्हेत. देशभरातून इतके कपडे आले की ढीग पडले. कमी पडला तो शेजारी बसून रडणारा माणूस. लोक आम्हाला विचारायचे, देवाने असं का केलं? त्या प्रश्नाला पीठ हे उत्तर नाही.

भाची: मग तुम्ही काय उत्तर दिलंत?

मामा: बराच काळ काहीच नाही. ईयोबाचे मित्र आठवायचे. ते आले, सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. तोवर ते खरे मित्र होते. तोंड उघडून कारणं सांगायला लागले तेव्हा बिघडलं.

भाची: हेच तर मी म्हणतेय. आपल्यातलेच काही जण आजही संकट आलं की लगेच सांगतात, ही देवाची शिक्षा आहे, पश्चात्ताप करा. शिबिरात एका आजीच्या तोंडून मी हे ऐकलंय. कुणीतरी तिला सांगून गेलं होतं. तिची म्हैस आणि तिची झोपडी गेली, आणि वर हा आरोप.

मामा: तसं सांगणाऱ्याने शुभवर्तमान नीट वाचलेलं नाही. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेल्याची गोष्ट आहे. ती माणसं यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती, हा समज येशूने तिथेच खोडून काढला. जन्मापासून आंधळ्या माणसाबद्दल शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? त्यावरही त्याने दोघांना दोष दिला नाही. पण लूकच्या त्याच अध्यायात तो पश्चात्तापाचं बोलतो, हेही विसरू नकोस.

भाची: बोलतो. पण कुणाशी? बुरुजाखाली सापडलेल्यांच्या घरच्यांशी नाही. लांबून बातमी ऐकून चर्चा करणाऱ्यांशी बोलतो. पुरानंतर पश्चात्ताप कुणी करायचा असेल तर तो नदीपात्रात बांधकाम करणाऱ्यांनी, ओढे बुजवणाऱ्यांनी, आणि सुरक्षित घरात बसून दुसऱ्याच्या पापांची गणती करणाऱ्या आपण.

मामा: हे मला मान्य आहे. मी आजवर अंत्यविधीला कधीच शिक्षेची भाषा केली नाही. पण शिक्षेची भाषा चुकीची म्हणून आशेची भाषाही बंद करायची, हे मला पटत नाही. तुमच्या पिढीला एक भीती बसलीये. कुणी काही म्हणेल म्हणून तुम्ही येशूचं नावच घेत नाही. मग आपल्यात आणि एखाद्या कंपनीच्या मदतनिधीत फरक काय राहिला?

भाची: भीती आहे, हे मी नाकारत नाही. पण ती आकाशातून पडलेली नाही. १९५४ साली मध्य प्रदेश सरकारने मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला नियोगी समिती नेमली. तेव्हा आपला विदर्भ त्याच राज्यात होता. १९५६ साली अहवाल आला. दवाखाने, शाळा, मदत यांचा वापर धर्मांतरासाठी होतो, असा त्याचा रोख होता. १९६७ मध्ये ओरिसाने आणि १९६८ मध्ये मध्य प्रदेशाने धर्मांतराविरुद्ध कायदे केले. प्रलोभन हा शब्द तेव्हापासून आपल्या मागे लागलाय. त्यात अन्याय किती आणि तथ्य किती, यावर वाद होऊ शकतो. पण पिठाच्या पिशवीत पुस्तिका ठेवली की आरोप करणाऱ्याला पुरावा आपणच हातात देतो.

मामा: कायद्याच्या धाकाने आपण साक्ष सोडायची?

भाची: कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. माझा मुद्दा सरकारचा नाही, त्या रांगेतल्या बाईचा आहे.

मामा: बरं. मग मी तुला आपल्याच मातीतली बाई दाखवतो. पंडिता रमाबाई. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली. भूक म्हणजे काय हे त्यांनी पुस्तकात वाचलं नव्हतं, अंगावर काढलं होतं. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या. तिथल्या छावण्यांत अनाथ मुली आणि तरुण विधवा कुणाच्या हाती लागतात हे त्यांनी पाहिलं आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेग पसरलेला, म्हणून केडगावच्या माळावर त्यांची सोय केली. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळात आणखी मुली आणल्या. त्यांना विणकाम शिकवलं, छापखाना चालवायला शिकवला, तेलघाणा, शेती, दूधदुभतं सगळं शिकवलं. आणि हे सगळं ख्रिस्ताच्या नावाने, उघडपणे केलं. लपवलं नाही. केडगावचं मुक्ती मिशन आजही चालू आहे. रमाबाईंनी नाव लपवलं असतं तर हे उभं राहिलं असतं का?

भाची: रमाबाईंचं नाव काढलंत, तर त्यांची पूर्ण गोष्ट घेऊ. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, तेव्हा तिथे धर्म शिकवणार नाही असा शब्द होता. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळात होती. पुढे सदन पुण्याला आलं आणि काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या. १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठलं, पालकांनी मुली काढून नेल्या, सल्लागार बाजूला झाले. रमाबाईंचं म्हणणं होतं की मी माझ्या खोलीत प्रार्थना करते, दार उघडं असतं, कुणी आलं तर मी हाकलत नाही. माझं मन रमाबाईंच्या बाजूनेच आहे. पण त्या वादात नुकसान कुणाचं झालं? ज्या विधवा मुलींची शाळा सुटली, त्यांचं.

मामा: नुकसान मुली काढून नेणाऱ्यांनी केलं.

भाची: त्यांनीही केलं. आणि केडगावबद्दल मला एक गोष्ट नेहमी विचारात पाडते. दुष्काळातून आलेल्या त्या पोरींना जायला दुसरी जागाच नव्हती. त्यांच्यातल्या अनेकींनी मनापासून ख्रिस्त स्वीकारला असेल, यात मला शंका नाही. पण ज्याला दुसरा उंबरठाच नाही, त्याच्या होकाराची जबाबदारी देणाऱ्यावर जास्त असते. म्हणून मी म्हणते, जिथे माणूस नाही म्हणू शकत नाही, तिथे त्याला हो विचारायचंच नाही.

मामा: तू आता ज्या फांदीवर बसलीयेस तीच तोडतेयस, पोरी. आपलं घराणं कुठून आलं? नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासून. पण गावंच्या गावं मंडळीत आली ती १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर. बहुतेक महार आणि मांग. तेव्हापासून आपल्याला ऐकवतात की तुम्ही पोटासाठी बाटलात. तुझ्या हिशेबाने ते बरोबरच म्हणतात!

भाची: मुळीच नाही. ते ऐकवणाऱ्यांना मी एकच विचारते. त्या माणसांना गावच्या पाणवठ्यावर पाणी मिळत होतं का? दुष्काळानंतर पन्नास वर्षांनी, १९२७ मध्ये, बाबासाहेबांना महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. म्हणजे दुष्काळात पाणी सगळ्यांचंच आटलं, पण या लोकांचं पाणी दुष्काळ नसतानाही बंदच होतं. मिशनमध्ये त्यांना धान्य मिळालं, तशी शेजारी बसायला जागाही मिळाली, पाटी-पेन्सिल मिळाली, नावाने हाक मिळाली. भाकरीसाठी आलेला माणूस भाकरी संपल्यावर निघून जातो. आपले पणजोबा गेले नाहीत.

मामा: मग तूच माझा मुद्दा सिद्ध केलास. दया आणि साक्ष वेगळी करता येत नाही.

भाची: वेगळी करता येत नाही, पण एकीची किंमत म्हणून दुसरी मागता येत नाही. आपले पणजोबा राहिले ते बरोबरीने वागवलं म्हणून. आणि तो पोटासाठी बाटल्याचा टोमणा दीडशे वर्षं आपण सोसतोय, म्हणून तर मला वाटतं की सीनेकाठच्या एखाद्या पोरीवर तो टोमणा सोसायची पाळी आपल्या पिशवीमुळे येऊ नये. उद्या तिला खरोखर ख्रिस्ताकडे यावंसं वाटलं, तर गावाने म्हणू नये की ही पाच किलो पिठाला विकली गेली.

मामा: हा मुद्दा मी असा कधी पाहिला नव्हता. तरी थांब. येशूने पाच हजारांना भाकरी वाटली आणि प्रवचनही केलं. दोन्ही केलं.

भाची: योहानाचा सहावा अध्याय पुढे वाचूया. दुसऱ्या दिवशी लोक पुन्हा भाकरीसाठी आले, तेव्हा त्याने त्यांना अवघड शिकवण दिली आणि पुष्कळ जण सोडून गेले. त्याने कुणाला अडवलं नाही, कालच्या भाकरीची आठवण करून दिली नाही. उलट बारा शिष्यांनाही विचारलं की तुम्हालाही जायचंय का. दहा कुष्ठरोगी बरे झाले, आभार मानायला एकच परत आला, आणि तोही शोमरोनी. नऊ जण आले नाहीत याचं त्याला वाईट वाटलं, पण म्हणून त्यांचा रोग परत आला नाही. देवाची दया अशी असते, मामा. पाऊस नीतिमानाच्या शेतावर पडतो तसा अनीतिमानाच्याही पडतो. आपण तिच्या मागे अट जोडली की ती देवाची राहत नाही, आपली होते.

मामा: अट नको, हे मान्य. पण मग मला सांग, कुणी विचारलं तर काय? मला तुझ्या बाजूचीही एक भीती वाटते. मौन पाळता पाळता आपण खोटं बोलायला लागतो. गावकरी विचारतात, तुम्ही कोण? आणि आपला पोरगा सांगतो, आम्ही एक सामाजिक संस्था आहोत. नंतर त्यांना कळतं की हे ख्रिस्ती होते. मग संशय दुप्पट. लपवलं म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार. उघड सांगण्यात जितका धोका आहे, त्याहून लपवण्यात जास्त आहे.

भाची: इथे मी तुमच्या बाजूला येते. आमच्या शिबिरात मी हे पाहिलंय. मंडळीचं नाव पावतीवर असावं, फोन नंबर असावा, तक्रार कुणाकडे करायची ते लिहिलेलं असावं. कुणी विचारलं तर सरळ सांगावं, आम्ही ख्रिस्ती मंडळीतून आलोय. एवढं. पण ट्रकवर मोठा फलक, पिशवी देताना फोटो, वाटपाआधी सामूहिक प्रार्थना, हे नको. दान देताना पुढे कर्णे वाजवू नका, हे येशूने इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितलंय की त्याचा वेगळा अर्थ लावायला जागाच नाही.

मामा: आणि कुणी म्हटलं, माझ्यासाठी प्रार्थना करा, तर?

भाची: तर करायची. वाटप संपल्यावर, त्याच्या ओसरीवर, हळू आवाजात. आणि प्रार्थना न मागणाऱ्या शेजाऱ्याला पिशवी तेवढ्याच आपुलकीने द्यायची. त्या आजीने मला विचारलंच होतं, पोरी, देवाने असं का केलं गं? मी म्हटलं, आजी, का ते मला सांगता येत नाही. पण त्याला तुमचं दुःख कळतं, यावर माझा विश्वास आहे. लाजराच्या थडग्यापाशी येशू रडला, हे मला माहीत होतं म्हणून मी ते बोलू शकले. तिने पुढे विचारलं नाही, मीही पुढे बोलले नाही.

मामा: तू साक्षच दिलीस की!

भाची: तिने विचारलं म्हणून दिली. आणि तिच्या हातात तेव्हा पिशवी नव्हती. पिशवी सकाळीच देऊन झाली होती.

मामा: म्हणजे तुझा आक्षेप साक्षीला नाही, तिच्या वेळेला आणि जागेला आहे.

भाची: वेळेला, जागेला, आणि दोघांतल्या ताकदीच्या फरकाला. हे मी एकटी म्हणत नाही. किल्लारीनंतरच्याच वर्षी, १९९४ मध्ये, रेडक्रॉस आणि मोठ्या मदतसंस्थांनी मिळून आचारसंहिता केली. गरज हाच मदतीचा निकष, आणि राजकीय किंवा धार्मिक मत पुढे नेण्यासाठी मदत वापरायची नाही, हे त्यात आहे. ती तयार करणाऱ्यांत कारितास होती, लुथरन वर्ल्ड फेडरेशन होती, वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस होती. म्हणजे ख्रिस्ती संस्थांनी हा नियम आपण होऊन स्वतःला घालून घेतला. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनीही २००५ च्या आपल्या पहिल्या परिपत्रकात म्हटलंय की प्रेम फुकट असतं, ते दुसरं काही साधण्यासाठी करायचं नसतं, आणि देवाबद्दल केव्हा बोलायचं, केव्हा गप्प राहायचं हे ख्रिस्ती माणसाला कळतं.

मामा: मी तुला त्याहून जुना साक्षीदार देतो. तोही विरोधकांतला. चौथ्या शतकात जुलियन नावाचा रोमन सम्राट होता. ख्रिस्ती धर्म सोडून त्याला जुने देव परत आणायचे होते. त्याने आपल्या एका मुख्य पुजाऱ्याला पत्र लिहून तक्रार केली की हे गालीलकर आपल्या गरिबांना तर पोसतातच, वर आमच्याही गरिबांना पोसतात, आणि आपण मात्र काही करत नाही. शत्रूने दिलेलं प्रमाणपत्र. ‘आमच्याही’ हा त्यातला महत्त्वाचा भाग. ते फक्त आपल्या मंडळीपुरतं करत असते तर सम्राटाला पत्र लिहायची गरज पडली नसती.

भाची: मग याद्यांचं बोलूया. आपल्या मंडळीतल्या यादीवर पहिली वीस नावं आपल्याच नातेवाइकांची आहेत.

मामा: प्रेषितांची कृत्ये वाच. अगब नावाच्या संदेष्ट्याने दुष्काळाची सूचना दिली, तो दुष्काळ क्लौद्य कैसराच्या काळात पडला, आणि अंत्युखियाच्या शिष्यांनी यहूदीयातल्या बंधूंना मदत पाठवली. बंधूंना. आपल्या माणसांची काळजी घेणं हेही शास्त्रातच आहे.

भाची: आहे. आणि त्याच मदतीचा हिशेब कसा ठेवला तेही आहे. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आठवा अध्याय पाहा. मासेदोनियातल्या मंडळ्या स्वतः हलाखीत होत्या, तरी त्यांनी आग्रहाने दिलं. आणि पौलाने ते पैसे एकट्याने नेले नाहीत. कुणी बोट दाखवू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेली विश्वासू माणसं बरोबर घेतली. आपल्या लोकांना द्यायचं तर ते वेगळ्या निधीतून, उघडपणे द्या. पुराच्या नावाने जमवलेलं पुराने जास्त मारलेल्याला आधी गेलं पाहिजे. आणि जास्त मार कुणाला बसलाय ते यादी करणाऱ्याला दिसत नाही, कारण यादी सातबाऱ्यावरून होते.

मामा: सातबारा नाही त्याला पिकाची भरपाईही नाही.

भाची: हो ना. जमीन वाहून गेली त्या शेतकऱ्याचा पंचनामा होतो, आणि व्हायलाच हवा. पण त्याच्या शेतावर रोजंदारी करणाऱ्या बाईची वर्षाची मजुरी वाहून गेली, तिचा पंचनामा कोण करणार? वाट्याने जमीन कसणारा, कागद दुसऱ्याच्या नावावर. नवऱ्याने टाकलेली बाई, रेशनकार्ड सासरी. गावाच्या टोकाला पालात राहणारं पारधी कुटुंब, ज्याला गावकरी यादीत घेतच नाहीत. शोमरोनी माणसाच्या गोष्टीत याजक आणि लेवी कडेने निघून गेले. आपल्या याद्याही अशाच कडेने जातात.

मामा: त्या गोष्टीत मला एक गोष्ट फार उशिरा जाणवली. आपण ती ऐकताना नेहमी शोमरोन्याच्या जागी उभे राहतो. मदत करणारे आपण. पण ज्या शास्त्र्याला येशू ती गोष्ट सांगत होता, त्याला तर शोमरोनी परका होता, धर्म चुकलेला होता. दया शिकवायला येशूने परधर्मी माणूस निवडला. किल्लारीला गुरुद्वाऱ्यांचे, देवस्थानांचे, मुस्लिम तरुणांचे गट राबत होते. भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे भूकंपग्रस्त मुलं पुण्याला शिकायला नेली. ज्ञान प्रबोधिनीने हराळीला शाळा उभी केली. हे पाहिल्यावर मी म्हणणं सोडलं की देवाची दया फक्त आपल्या हातून जाते. आणि वारकरी घरातल्या माऊलीने ढिगाऱ्याशेजारी चूल मांडून आम्हाला भाकरी दिली होती. घर पडलेलं तिचं, आणि खायला घालतेय आम्हाला. त्या दिवशी देव कुणाकडून कुणाकडे आला होता?

भाची: मामा, हे तुम्ही मंडळीत का सांगत नाही? दया घ्यायला शिकलेली मंडळी दया देताना उद्दाम होत नाही.

मामा: सांगेन. पण एक गोष्ट मी तुझ्याकडून घेणार. मंडळी पंधरा दिवस धावते आणि थांबते. किल्लारीला तसंच झालं. पहिले काही आठवडे रस्त्यावर गाड्यांची रांग, आणि मग पत्र्याच्या शेडमध्ये माणसं कितीतरी काळ राहिली, तेव्हा फार थोडे उरले. याकोबाच्या पत्रात उघड्या-उपाशी भावाला नुसतं ऊब घे, पोटभर खा असं म्हणून वाटेला लावणाऱ्यावर टीका आहे. मला वाटतं, एकदाच पिशवी देऊन वाटेला लावणं हे त्याचंच थोडं सुधारलेलं रूप आहे.

भाची: हे तर मी हिशेबाने सांगते. पहिल्या आठवड्यात शिजवलेलं अन्न, पिण्याचं पाणी, कोरडे कपडे, बायकांसाठी सॅनिटरी पॅड. दुसऱ्यात विहिरी उपसून ब्लिचिंग पावडर, जुलाबावर ओआरएस, चिखलात काम करणाऱ्यांची तापाची तपासणी, कारण पुरानंतर लेप्टोचा धोका असतो. मग आधार कार्ड, बँकेचं पासबुक, शाळेचा दाखला पुन्हा काढून द्यायला सोबत जाणारा माणूस. मग रब्बीसाठी ज्वारी-हरभऱ्याचं बियाणं, खरडलेल्या शेतात गाळ-माती टाकायला ट्रॅक्टर, जगलेल्या जनावरांना चारा. मुलांची परीक्षा फी. आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा एकदा जाऊन नुसतं विचारणं, कसं आहे. यातलं एकही काम पुस्तिकेने होत नाही, पण हे सगळं झालं तर पुस्तिका न देताही लोक विचारतात, तुम्ही का येता?

मामा: आणि तेव्हा सांगायचं.

भाची: तेव्हा सांगायचं. मोकळेपणाने, न लाजता. पटलं नाही तर त्यांनी चहा पाजून आपल्याला निरोप द्यावा, आणि आपण पुढच्या महिन्यात पुन्हा जावं.

मामा: ठीक आहे. पुस्तिका पिशवीत नको. पण तुझ्या पोरांना एक सांग. विचारणाऱ्याला उत्तर द्यायची तयारी ठेवून जा. रात्री शेकोटीजवळ बसलेल्या म्हाताऱ्याने देवाबद्दल विचारलं आणि आपला तरुण मोबाइलमध्ये तोंड घालून बसला, तर तेही त्या म्हाताऱ्याला वाऱ्यावर सोडणंच आहे.

भाची: सांगते, मामा. आणि ते मला स्वतःलाही सांगायला हवं.

मामा आणि भाचीचं इथे बरंचसं जमलं. जिथे जमलं ती जागा मला सगळ्या मंडळ्यांनी उचलावी अशी वाटते. आपत्तीनंतर ख्रिस्ती माणसाने देवाची दया दाखवायची तर कसोटी एकच आहे. ज्याला आपण मदत केली, त्याला आपला विश्वास नाकारूनही मान ताठ ठेवून पुन्हा आपल्याकडे मदतीला येता आलं पाहिजे. त्याला ते जमत असेल तर आपण दिलेलं देवाचं होतं. त्याला संकोच वाटत असेल, तर पिशवीत आपण पिठाबरोबर आणखी काहीतरी ठेवलं होतं, मग पुस्तिका असो वा नसो.

म्हणून प्रत्येक मंडळीने, प्रत्येक पाळकसमितीने शांत काळातच, पुढची आपत्ती येण्याआधी, चार गोष्टी ठरावात लिहून ठेवाव्यात. मदत गरजेच्या क्रमाने जाईल आणि यादीत भूमिहीन, एकट्या बायका व गावकुसाबाहेरची कुटुंबं आधी असतील. वाटपाच्या जागी धर्मप्रसार, फलक आणि फोटो असणार नाहीत. आपण कोण हे विचारणाऱ्याला खरं सांगितलं जाईल आणि जमाखर्च सर्वांसमोर मांडला जाईल. आणि निदान एक वर्ष त्या गावाची सोबत सोडली जाणार नाही. हा ठराव येत्या रविवारच्या उपासनेत वाचून दाखवा आणि मंडळीकडून त्यावर ‘आमेन’ घ्या.